तीनशे बारा पासपोर्ट आणि एक काडेपेटी

१

शनिवार, २७ ऑक्टोबर २००१. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या स्टोअरकीपरने स्टोअरमधलं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा आत तीनशे बारा पासपोर्ट असायला हवे होते. आत दोन डांबरगोळ्या होत्या.

कामगारांचे पासपोर्ट कंपनीने आपल्या कपाटात ठेवायचे, ही आमच्या कंपनीची रीत. का, हे विचारायचं नाही, ही दुसरी रीत. आणि ही दुसरी पहिलीपेक्षा कसोशीने पाळली जाई. मॅनेजरपासून वेल्डरपर्यंत सगळ्यांचे पासपोर्ट त्या एका कपाटात. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ल्या दोनच होत्या. एक स्टोअरकीपर लक्ष्मीकांत गायधनींकडे, दुसरी साइट मॅनेजर आलोक काण्यांकडे.

आलोकने यार्डात सगळ्यांदेखत हिशेब मांडला. "किल्ल्या दोन. माझी माझ्या खिशात होती, आणि मी काल दिवसभर खैरानच्या समुद्रावर मराठी मंडळाच्या पिकनिकला होतो. कॅम्पमध्ये मागे कोण राहिलं होतं, ते तुम्हीच सांगा."

सगळ्यांनी फक्त लक्ष्मीकांतरावांकडे पाहिलं.

लक्ष्मीकांतराव सिन्नरचे. बावीस वर्षं स्टोअरमध्ये. सहीशिवाय त्यांनी कोणाला साधा वॉशर दिला नव्हता. ते वळले, स्टोअरमध्ये गेले, आतून अडसर लावला आणि पाच मिनिटांनी इंटरकॉमवर ऑफिसला कळवलं, "अ‍ॅसिटिलीनच्या एका बाटल्याचा कॉक थोडा सोडला आहे. काडेपेटी हातात आहे. खरा चोर सापडेपर्यंत मी बाहेर येणार नाही. दार फोडलंत तर काडी ओढीन."

स्टोअरमध्ये अ‍ॅसिटिलीनचे चाळीस सिलिंडर होते. भिंतीपलीकडे रात्रपाळीचे दीडशे लोक झोपले होते.

मी राजाभाऊ, कंपनीच्या सेफ्टी विभागात. आमचा 'आपत्कालीन व्यवस्थापन आराखडा' मीच लिहिला होता. चौऱ्याऐंशी पानं. त्यात आग होती, वाळूचं वादळ होतं, कुवेतमध्ये असूनसुद्धा पूर होता. स्टोअरकीपरचा अपमान झाला तर काय करावं, हे मात्र कुठल्याच पानावर नव्हतं.

२

दीडशे लोकांना उठवून आम्ही अबू हलीफा गावाच्या बाजूच्या मैदानात नेलं. तोवर पोलीस आले. आमच्या कल्पनेप्रमाणे आता भोंगे, आरडाओरडा, धावपळ आणि मग स्फोट व्हायला हवा होता. यातलं काहीच झालं नाही.

अशा प्रसंगांसाठीचं त्यांचं पथक नवं होतं, त्याला सहा महिने झाले होते. त्यातले आठ जण हेल्मेट घालून, ओल्या घोंगड्या आणि पाण्याचे पाइप घेऊन स्टोअरच्या मागच्या भिंतीशी उभे राहिले. त्यांचा प्रमुख बद्र नावाचा उंच तरुण. गॅस असल्यामुळे त्याने सगळ्यांच्या बंदुका गाडीत ठेवायला लावल्या होत्या. ऑफिसात दुसरी तुकडी बसली, तिघांची. एक बोलणारा. एक त्याच्याशेजारी बसून फक्त ऐकणारा आणि चिठ्ठ्या सरकवणारा. एक लिहिणारा, जो प्रत्येक वाक्य वेळेसकट कागदावर उतरवून भिंतीला चिकटवत होता. बाहेर गाडीत एक कर्नल बसले होते. हुकूम फक्त तेच देणार.

"तुमचे कर्नलसाहेब स्वतः का बोलत नाहीत?" मी विचारलं.

बोलणारा होता कॅप्टन मजीद. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा. त्याचे आजोबा मुंबईला खजूर घेऊन जात, म्हणून त्याला हिंदी येत होतं. तो म्हणाला, "जो हुकूम देतो त्याने बोलायचं नाही. समोरचा काही मागतो, तेव्हा 'विचारून सांगतो' म्हणता आलं पाहिजे. आणि जो बोलतो त्याने हुकूम द्यायचा नाही. त्याला समोरच्याचा राग येऊ शकतो, किंवा माया वाटू शकते."

बावीस वर्षांच्या नोकरीत मी असा एकही साहेब पाहिला नव्हता, जो हुकूम देतो आणि बोलत नाही. मी आदराने खुर्ची ओढली.

मला तिथे बसवलं होतं कारण लक्ष्मीकांतरावांना तोडकं हिंदी येत असे, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून मराठीशिवाय शब्द फुटत नव्हता. मजीदने मला दोन नियम सांगितले. "एक, मी बोलेन तेवढंच त्याला सांगायचं. दोन, तो बोलेल ते सगळं मला सांगायचं. महत्त्वाचं काय, ते तुम्ही ठरवायचं नाही."

मी मान डोलावली. पहिला नियम मी पाळला.

इंटरकॉम ठेवायचा नाही, असं ठरलं. परत लावला तर घंटेत ठिणगी पडेल. म्हणून लाइन सकाळपासून उघडीच होती, आणि त्या लाइनमधून मागे बारीक फुस्स असा आवाज सतत येत होता. दाराच्या फटीशी बद्रच्या माणसाने गॅसचा मीटर धरला होता. आकडा चार.

"दहा झाले की आम्ही आत जाणार," बद्र म्हणाला. "त्यानंतर थांबलो तर स्फोटाला त्याची काडीसुद्धा लागणार नाही."

मजीदने घड्याळाकडे पाहिलं नाही. त्याने रिसीव्हर उचलला आणि विचारलं, "लक्ष्मीकांत भाई, सकाळपासून काय काय केलंत, ते सांगा. अगदी उठल्यापासून."

३

लक्ष्मीकांतराव सांगू लागले. रडत नव्हते, ओरडत नव्हते. मालाची यादी वाचावी तसे बोलत होते. पाचला उठलो. अंघोळ केली. मंगळवारच्या विमानाचं तिकीट बघितलं. चार वर्षांनी जायचंय, सुमनला, म्हणजे मंडळींना, तारीख कळवली आहे. सातला स्टोअर उघडलं. पासपोर्ट काढायला कपाटाशी गेलो. किल्ली जाईना. भोकात कुंकू वाळून दगड झालं होतं, काडेपेटीतल्या काडीने खरवडलं तेव्हा कुठे गेली. उघडलं तर हे.

मी भाषांतर केलं. "भोक साफ करून कपाट उघडलं" एवढंच म्हणालो. कुवेती पोलिसांसमोर खंडेनवमी कुठून सुरू करायची, हे मला कळेना. आणि त्यात महत्त्वाचं काही नव्हतं. लिहिणाऱ्याने लिहिलं: '१०.१२. भोक साफ केलं. कपाट उघडलं.' कागद भिंतीवर गेला.

"विमान मंगळवारी आहे तर चोरी कशाला करील?" मी म्हणालो.

"मला माहीत नाही," मजीद म्हणाला. "त्याची मागणी एकच आहे. चोर शोधा. एरवी लोक गाडी मागतात, विमान मागतात. हा चौकशी मागतोय. देऊ या."

शेजारच्या खोलीत एकेकाला बोलावलं. लाइनवर तेवढा वेळ ऐकणारा बसला, आणि लक्ष्मीकांतरावांना म्हणू लागला, "मैं इधर है." त्याचं हिंदी इतकंच होतं. ते तो दर मिनिटाला म्हणत होता.

आलोक काणे पहिला आला. पुण्याचा, पंचेचाळिशीचा, मराठी मंडळाचा सेक्रेटरी. "लुक, कॅप्टन, मी कोऑपरेट करतोय. मी शुक्रवारी सकाळी साडेसहाला, खैरानला निघण्याआधी, कपाट उघडलं होतं. बहारीनहून आलो होतो, माझा पासपोर्ट आत ठेवला. सगळे जागेवर होते. एका मिनिटाचं काम. त्यानंतर मी ऐंशी माणसांबरोबर समुद्रावर."

"कुलूप नीट उघडलं?"

"ऑफकोर्स. पहिल्या झटक्यात." मग मराठीत मला, "राजाभाऊ, तुमच्या त्या आराखड्यात अशा माणसाचं काय करायचं लिहिलंय? कारण हा शटडाउनच्या ऐन मध्यात माझा प्लांट उडवणार आहे." शटडाउन म्हणजे प्लांट बंद ठेवून करायची मोठी दुरुस्ती; त्यात एक माणूस कमी पडून चालत नाही.

दुसरी श्वेता. ऑफिसची सेक्रेटरी, पासपोर्टांचं रजिस्टर तिच्याकडे. तिने दार लोटून घेतलं. "सर, मजूर खात्याचं एक पत्र आलंय बुधवारी. तीनशे लोकांनी दुसऱ्या कंपनीत जायला रिलीज, म्हणजे सरकारी परवाना, मागितला होता, तो मंजूर झाला. पंधरा दिवसांत पासपोर्ट घेऊन सगळे जाऊ शकतात. काणेसर म्हणाले, एवढ्यात बोर्डावर लावू नकोस, शटडाउन संपू दे. लक्ष्मीकांतकाकांना तर माहीतही नाही. त्यांना फक्त रजा हवी होती."

"शटडाउन कधी संपेल?"

"डिसेंबरात. माणसं राहिली तर."

तिसरा ओवैस परकार, दापोलीकडचा. आमचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवणारा माणूस. पासपोर्ट सगळ्यांत जास्त त्याच्या हातांतून जात, त्यामुळे यार्डातल्या निम्म्या नजरा त्याच्यावर होत्या. तो खुर्चीवर बसलाच नाही.

"बसा ना," मी म्हटलं.

"बसवत नाय, राजाभाऊ. कंबरेत उसण भरलीय. गुरुवारी काणेसाहेबांचा खोका उचलला ना गाडीत."

"कसला खोका?"

"मंडळाच्या गणपतीचा. मखराचा. स्टोअरच्या माळ्यावर असतो ना, तो. म्हणाले घरी नेतो, इथे उंदीर खातात. दोघांनी धरला तरी बूड फाटत होतं, मी खालनं हात लावला नि तिथंच कळ आली. आता मला चोर म्हणतायत. चोर असतो तर कंबर अशी असती?"

मजीदने तो सगळा जबाब लिहून घ्यायला लावला. कंबरेसकट.

खिडकीशी बद्र आला. त्याने बोटं वर केली. सात.

४

मजीद भिंतीसमोर उभा राहिला. आता तिथे चाळीसेक कागद होते. तो ते वाचत नव्हता, नुसता बघत होता, जसा एखादा बाप झोपलेल्या पोराकडे बघतो. मागे इंटरकॉममधून फुस्स, आणि मधूनमधून "मैं इधर है."

मग त्याने दोन कागद काढून शेजारी शेजारी लावले.

"काणे म्हणतो, शुक्रवारी कुलूप पहिल्या झटक्यात उघडलं. हा म्हणतो, शनिवारी उघडायच्या आधी भोक साफ करावं लागलं. एका दिवसात भोकात काय गेलं, राजा भाई?"

मला घाम फुटला. ऑफिसचा एसी जोरात चालू होता.

"मी एक वाक्य गाळलं," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "आता सांगा."

मी सांगितलं. गुरुवारी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी ज्याने आपण पोट भरतो त्या वस्तूंची पूजा करतात. शेतकरी औताची, गवंडी थापीची. स्टोअरकीपर पाने, तराजू, वेल्डिंगचा टॉर्च आणि पासपोर्टांचं कपाट, सगळ्यांची. हळद, मग कुंकू, पाण्यात कालवून बोटाने. लक्ष्मीकांतराव कुंकू सढळ हाताने लावतात. कुलपाला इतकं लावतात की भोकसुद्धा बुजतं. दुसऱ्या दिवशी दसरा. वस्तूंना विश्रांती, कोणी हात लावत नाही. म्हणून शनिवारी त्यांना काडीने खरवडावं लागलं.

"पूजा किती वाजता झाली?"

"चारला. आम्ही सगळे होतो. नारळ आलोकने फोडला."

मजीद खाली बसला. चष्मा काढून पुसू लागला. "म्हणजे गुरुवारी चारला ते भोक बंद झालं, आणि शनिवारी सकाळी ते बंदच होतं."

"हो."

"मग शुक्रवारी साडेसहाला त्यात किल्ली कोणी घातली?"

लिहिणाऱ्याचा हात थांबला.

"कोणीही नाही," मजीद म्हणाला. "पासपोर्ट शुक्रवारी गेले नाहीत. चार वाजता तुम्ही पूजा केली, तेव्हा कपाट आधीच रिकामं होतं. हे ज्याला ठाऊक होतं, त्यालाच शुक्रवारची खोटी भेट हवी होती; कारण शुक्रवारी तो ऐंशी माणसांत होता आणि हा एकटा."

माझ्या डोळ्यांसमोर गुरुवारचा आलोक आला. कपाळाला गंध, हातात नारळ. दोन डांबरगोळ्यांपुढे त्याने किती भक्तिभावाने तो फोडला होता. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या.

"पण तीनशे बारा पासपोर्ट त्याने कॅम्पमधून नेले कसे?" ऐकणाऱ्याने अरबीत विचारलं. हे मजीदने मला नंतर सांगितलं. तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "राजा भाई, मखर म्हणजे काय? कशाचं असतं?"

"थर्माकोलचं," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता उभा राहिलो.

थर्माकोलचा अख्खा महाल एका बोटावर नेता येतो. त्याने बूड फाटत नाही, आणि दापोलीच्या माणसाची कंबर तर नाहीच नाही. आणि दहा दिवसांचा गणपती उठला की मखराचा खोका पुढच्या भाद्रपदापर्यंत कोणी उघडत नाही. सेक्रेटरीच्या घरी तर मुळीच नाही.

बाहेरून आवाज आला. "आठ."

५

मला वाटलं, आता मजीद उठेल आणि आलोकची कॉलर धरेल. तो उठला आणि बाहेर कर्नलांच्या गाडीपाशी गेला. मी खिडकीतून पाहत होतो. तो सांगत होता, ते ऐकत होते. मग कर्नलांनी बद्रला बोलावलं.

बद्रच्या दृष्टीने गोष्ट साधी होती. आत जायचं तर आत्ता, आकडा नऊवर असताना जाण्यापेक्षा आठवर जाणं बरं. त्याची आठ माणसं त्या भिंतीशी तीन तास उभी होती, ओली घोंगडी खांद्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात. कोणी टेकलं नव्हतं, कोणी सिगारेट मागितली नव्हती. आत जाणं हेच त्यांचं काम, आणि ते न करणं हे त्या दिवशीचं काम होतं.

कर्नलांनी दोन वाक्यं उच्चारली. बद्रने सॅल्यूट केला आणि परत भिंतीशी जाऊन उभा राहिला.

"पंचवीस मिनिटं मिळाली," मजीद आत येऊन म्हणाला.

"तो रागावला नाही?"

"बद्र? घाबरलाय. त्याला सगळ्यात आधी आत जायचं असतं ना." मग म्हणाला, "आम्ही दोघं मिळून एक काम करतो, राजा भाई. तो दारावर असतो म्हणून मला बोलता येतं. मी बोलतो म्हणून त्याला थांबता येतं."

ओवैस कंबर धरून दोन पोलिसांबरोबर अबू हलीफाला निघाला. आलोकच्या फ्लॅटची वाट त्याला ठाऊक होती. खोका वरपर्यंत त्यानेच पोचवला होता.

मजीदने रिसीव्हर घेतला. "लक्ष्मीकांत भाई, पासपोर्ट कुठे आहेत असं मला वाटतं ते सांगतो. मिळालेले नाहीत. मिळाले तर दाखवीन. नाही मिळाले तर तेही सांगेन."

मी शब्दन् शब्द सांगितला. मनात येत होतं, म्हणावं की सापडले, झालं, या बाहेर. जीभ आवरली. एक वाक्य गाळून झालं होतं. आता एक घालायचं नव्हतं.

मग लक्ष्मीकांतराव म्हणाले, "राजाभाऊ, साहेबांना सांगा, सकाळपासून माझ्याशी कोणी पहिल्यांदा खरं बोललं."

"नऊ," बाहेरून आवाज आला.

६

खोका बावीस मिनिटांनी आला. वर थर्माकोलचे दोन खांब आणि एक अर्धवट मोर. खाली, साड्यांच्या पिशव्यांत बांधून, पासपोर्टांचे गठ्ठे.

मजीदने एक गठ्ठा स्टोअरच्या जाळीच्या खिडकीसमोर धरला. मग लक्ष्मीकांतरावांचा चेहरा जाळीमागे आला. डोळे लाल, मिशीवर घाम, हातात काडेपेटी.

"मोजून घ्यावे लागतील," ते म्हणाले.

मी भाषांतर केलं. बद्रने माझ्याकडे असं पाहिलं, जणू चूक माझी होती.

"स्टोअरचा माल आहे," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "न मोजता मी काही ताब्यात घेत नाही. आणि माल मोजताना स्टोअरमध्ये गॅस चालू ठेवायचा नाही, असा आपला नियम आहे." ते वळले. फुस्स आवाज थांबला. खिडक्या एकेक करून उघडल्या.

पकडायचं तर तो क्षण होता. कर्नल गाडीतून उतरले, बद्रने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मजीदकडे. मजीद म्हणाला, "मोजू द्या."

आणि मोजणी झाली. चाळीस मिनिटं. मजीद जाळीतून एकेक पासपोर्ट आत देत होता, लक्ष्मीकांतराव नाव वाचून टिक करत होते, आठ हेल्मेटवाले भिंतीशी तसेच उभे होते. मीटर उतरत गेला. अख्ख्या यार्डात फक्त नावं ऐकू येत होती: दरभंग्याची, कडप्प्याची, रत्नागिरीची, नांदेडची. मैदानातले लोक हळूहळू तारेच्या कुंपणाशी आले. आपलं नाव आलं की जो तो मान खाली घालत होता. मी आयुष्यात बऱ्याच पूजा पाहिल्या आहेत. इतकी शांत एकही नव्हती.

"तीनशे अकरा," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "एक कमी आहे."

बद्रची माणसं पुन्हा ताठ झाली.

"कोणाचा?" मजीदने विचारलं.

लक्ष्मीकांतरावांनी यादीवरून बोट फिरवलं. "काणे, आलोक."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सकाळी याच यार्डात सगळ्यांनी असंच वळून पाहिलं होतं, फक्त दिशा वेगळी होती. आलोक ऑफिसच्या पायरीवर उभा होता.

"शुक्रवारी साडेसहाला तुम्ही तो कपाटात ठेवलात," मजीद नम्रपणे म्हणाला. "पहिल्या झटक्यात."

आलोकने माझ्याकडे पाहिलं, मग श्वेताकडे. "दोन महिन्यांचा प्रश्न होता," तो म्हणाला. "शटडाउन झाल्यावर मी सगळे परत ठेवणार होतो. कुणाचं काय बिघडणार होतं?" मग त्याने ब्रीफकेस उघडली. तीनशे अकरा माणसं डिसेंबरपर्यंत अडकली तरी आपण अडकू नये, एवढी व्यवस्था त्याने केली होती. पासपोर्ट वरच्याच कप्प्यात होता.

मजीदने तो जाळीतून आत दिला. लक्ष्मीकांतरावांनी टिक केली.

"तीनशे बारा. सही लागेल."

कॅप्टन मजीदने पावतीवर सही केली. मग अडसर निघाला. लक्ष्मीकांतराव दोन्ही हात पुढे करून बाहेर आले. पुढे पोलिसांबरोबर जायचं आहे, हे मजीदने त्यांना आधीच सांगितलं होतं आणि त्यांनी ते मान्य केलं होतं. मंगळवारचं विमान चुकणार होतं. सुटल्यावर डिसेंबरच्या विमानाने ते सिन्नरला गेले. मजीदचे ते चाळीस कागद न्यायाधीशांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, असं ओवैस सांगत होता.

पण तेव्हा उंबऱ्यावर ते थांबले. खिशातून काडेपेटी काढली आणि मजीदच्या तळहातावर ठेवली.

"राजाभाऊ, लिहून घ्यायला सांगा. काडेपेटी, एक नग. एक काडी वापरलेली, पण पेटवलेली नाही."

मजीदने पेटी उघडली. सगळ्या काड्यांत एक उलटी ठेवलेली होती. तिच्या मागच्या टोकाला वाळलेलं कुंकू होतं.

या वेळी मी एकही शब्द गाळला नाही. लिहिणाऱ्याने ते वेळेसकट लिहिलं.